५ एचपीची इलेक्ट्रिक कार घेऊन पॅरिस गाजवणारा पोर्शे रेंजच्या गणितात अडकला आणि त्यातून हायब्रीड गाडी जन्माला आली

नांदेडहून हिंगोलीकडं निघालं की वारंगा फाटा मागं पडल्यावर आखाडा बाळापूर लागतं. कळमनुरी तालुक्यातलं बाजाराचं गाव. आजूबाजूला हळद, सोयाबीन आणि कापूस. नांदेड एका बाजूला, हिंगोली दुसऱ्या बाजूला, दोन्ही साधारण चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर.

अशा गावात एखाद्यानं जाहीर केलं की आपण आता इलेक्ट्रिक गाडी घेतोय, आणि तीही साधीसुधी नाही, सहा-सात सेकंदात शंभरचा वेग गाठणारी, तर पारावर दोनच प्रश्न येतात. चार्जिंग कुठं करणार? आणि एकदा फुल केली की किती जाणार?

प्रश्न अगदी रास्त आहेत, फक्त नवीन नाहीत. सव्वाशे वर्षांपूर्वी व्हिएन्नातल्या एका पंचविशीतल्या पोराला लोक हेच विचारत होते. त्या पोराचं नाव फर्डिनांड पोर्शे.

हो, तोच. ज्याच्या आडनावाची गाडी आज लोक मोबाईलच्या वॉलपेपरवर ठेवतात तो पोर्शे. पेट्रोल पिणाऱ्या, कान फाडणाऱ्या स्पोर्ट्स कारशी ज्याचं नाव जोडलं गेलं, त्या माणसाची पहिली गाजलेली गाडी बॅटरीवर चालायची. आणि तिनं त्याला जो धडा दिला तो त्याला आयुष्यभर पुरला.

३ सप्टेंबर १८७५ ला फर्डिनांडचा जन्म झाला. गाव माफर्सडोर्फ. तेव्हा ते ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होतं, आज चेक प्रजासत्ताकात आहे. वडील अँटोन पोर्शे पत्राकाम करायचे. मोठ्या भावाचा कामावर अपघातात मृत्यू झाला आणि दुकान पुढं चालवायची जबाबदारी फर्डिनांडवर आली. दिवसभर वडिलांच्या हाताखाली पत्रा ठोकायचा आणि रात्री शेजारच्या रायशेनबर्गच्या तांत्रिक शाळेत वर्गाला बसायचं, असा त्याचा दिनक्रम.

पोराचं मन मात्र पत्र्यात नव्हतं. गावात गालिचे विणणारी एक मोठी गिरणी होती आणि तिथं विजेचे दिवे लागलेले होते. त्या दिव्यांनी याला वेड लावलं. १८९३ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, त्यानं आपल्या घरात स्वतःच्या हातानं वीज खेळवली. ज्या गावात घराघरात रॉकेलचे दिवे होते तिथं पत्रेवाल्याच्या घरी बल्ब लागला. यानंतर वडिलांनाही कळलं असावं की हा काही दुकानात टिकायचा नाही.

त्याच वर्षी तो व्हिएन्नाला गेला. बेला एगर नावाच्या विजेची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत लागला. काम संपलं की तिथल्या तांत्रिक विद्यापीठात जाऊन मागच्या बाकावर बसायचा. प्रवेश घेतलेला नव्हता, फी भरलेली नव्हती, तरी व्याख्यानं ऐकायचा. पदवी त्याला कधीच मिळाली नाही. १९१७ मध्ये याच विद्यापीठानं त्याला मानद डॉक्टरेट दिली, पण ते पुढं.

आता त्या काळातल्या गाड्यांची परिस्थिती समजून घ्या. पेट्रोलची गाडी सुरू करायला समोर जाऊन लोखंडी हँडल फिरवावं लागायचं. हँडल उलटं फिरलं तर मनगट मोडायचं. धूर, आवाज, थरथर सगळं होतं. वाफेची गाडी निघायच्या आधी बॉयलर तापवत बसा. आणि इलेक्ट्रिक गाडी? बसा, दांडा ओढा, निघाली. शहरातल्या श्रीमंतांना हीच आवडायची.

वेगातही ती मागं नव्हती. एप्रिल १८९९ मध्ये कामिय जेनात्सी नावाच्या बेल्जियन गड्यानं पॅरिसजवळ टॉर्पेडोच्या आकाराची इलेक्ट्रिक गाडी ताशी १०५.८८ किलोमीटरनं पळवली. रस्त्यावरच्या वाहनानं शंभरचा आकडा ओलांडण्याची जगातली ही पहिली वेळ. गाडीचं नाव होतं ला जामे कोंतांत, म्हणजे कधीच समाधानी नसणारी. नाव बरोबर होतं, कारण गाडी वेगानं पळायची ती एका किलोमीटरच्या नोंदीपुरती. तिला रोज घेऊन फिरायचं म्हटलं असतं तर बॅटरी बघता बघता रिकामी झाली असती.

वेग आणि अंतर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथंच ठरून गेलं होतं.

व्हिएन्नात लुडविग लोनर नावाचा घोडागाड्या बनवणारा मोठा कारखानदार होता. राजघराण्याच्या बग्ग्या त्याच्याकडं तयार व्हायच्या. घोड्यांचे दिवस संपत आलेत हे त्यानं ओळखलं होतं. पेट्रोलच्या गाड्यांनी शहराची हवा घाण होणार असं त्याचं ठाम मत होतं, त्यामुळं त्याला इलेक्ट्रिक गाडी बनवायची होती. त्यानं पोर्शेला आपल्याकडं ओढलं.

पोर्शेच्या डोक्यात एक कल्पना होती. मोटार एकीकडं, चाक दुसरीकडं आणि मध्ये साखळ्या, गिअर, पट्टे, या सगळ्यात शक्ती वाया जाते. मग मोटार थेट चाकातच बसवली तर? त्यानं तसंच केलं. पुढच्या दोन्ही चाकांच्या तुंब्यात एकेक मोटार बसवली. गिअरबॉक्स नाही, साखळी नाही, घर्षणात जाणारी शक्ती जवळपास नाही.

ही लोनर-पोर्शे १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात ठेवली गेली आणि गर्दी लोटली. पंचविशीही न गाठलेल्या पोर्शेचं नाव युरोपभर झालं.

आता जरा आकडे बघू, कारण खरी गोष्ट आकड्यांतच आहे.

पुढच्या प्रत्येक चाकातली मोटार होती अडीच एचपीची. दोन मिळून ५ एचपी. बाळापूरच्या शिवारात विहिरीवर जी मोटार बसवतात ना, तेवढीच. त्या ताकदीवर पॅरिसमध्ये गाडी फिरत होती. बॅटरी शिशाची, वजन ४१० किलो. म्हणजे चार क्विंटलच्या वर. आणि एवढं शिसं वाहून नेऊन ती एका चार्जमध्ये जायची साधारण ५० किलोमीटर.

भागाकार करा. एक किलोमीटर जायला आठ किलो बॅटरी.

बाळापूरहून नांदेडला पोहोचली असती. परत यायला नांदेडमध्येच बॅटरी भरावी लागली असती, आणि त्या काळात बॅटरी भरायची म्हणजे तासन् तास. शहरात वीज होती म्हणून ते जमायचं. शहराबाहेर वीजच नव्हती. व्हिएन्नाचा सरदार बागेत चक्कर मारून घरी यायचा, त्याला ५० किलोमीटर भरपूर. पण साठ किलोमीटरवरच्या वाडीत राहणाऱ्याला ती गाडी शोभेचीच.

लोकांनी पोर्शेला तेच विचारलं जे आज तुम्हाला विचारतात. मग मोठी बॅटरी का नाही टाकत?

त्यानं टाकून बघितली. इंग्लंडमधल्या ल्यूटन गावच्या ई. डब्ल्यू. हार्ट नावाच्या हौशी गिऱ्हाइकानं त्याच्याकडं स्पेशल रेसची गाडी मागितली. पोर्शेनं चारही चाकांत चार मोटारी बसवल्या. चारही चाकं ओढणारी ती जगातली पहिली प्रवासी मोटारगाडी मानली जाते. तिचं नाव ला तूजूर कोंतांत, म्हणजे कायम समाधानी. जेनात्सीला मारलेला हा टोमणा होता हे उघड आहे. पण त्या गाडीत बॅटरी किती होती माहितीये? १८०० किलो. अठरा क्विंटल! आजच्या बऱ्याच एसयूव्हींचं सगळं मिळून एवढं वजन भरत नाही.

लांबच्या प्रवासाला निघालेल्या बैलगाडीचा विचार करा. बैलांना वाटेत चारा लागणार म्हणून तुम्ही गाडीत कडबा भरता. जास्त लांब जायचंय म्हणून आणखी कडबा भरता. एका टप्प्यानंतर होतं काय, तर बैल तुम्हाला ओढायचं सोडून कडबाच ओढत बसतात. हार्टच्या गाडीचं तसंच झालं होतं. टायर दबायचे, चढावर दम लागायचा, आणि वजन वाढवून जे अंतर मिळवलं त्यातलं बरंचसं तेच वजन ओढण्यात जायचं.

याउलट हलकी गाडी घेऊन पोर्शे १९०० च्या सप्टेंबरमध्ये व्हिएन्नाजवळच्या सेमेरिंग घाटात उतरला आणि दहा किलोमीटरची चढण पंधरा मिनिटांच्या आत मारली. तेव्हाच्या मानानं हा भन्नाट वेग. म्हणजे पळण्याचा प्रश्न त्याला कधीच नव्हता. प्रश्न होता पोहोचण्याचा.

इथं थोडं थांबून आजच्या गाडीकडं बघू. नाहीतर पोर्शेनं पुढं काय केलं आणि का केलं ते नीट कळणार नाही.

आज चाकणला बनणारी महिंद्राची बीई ६ घ्या. मोठ्या बॅटरीच्या मॉडेलमध्ये २१० किलोवॉटची मोटार आहे, म्हणजे २८० एचपीच्या आसपास. विहिरीवरच्या ५ एचपीच्या छप्पन्न मोटारी एकत्र. ऐकूनच वाटतं की ही वीज किती खाणार!

पण तसं नाही. एचपी किंवा किलोवॉट म्हणजे एका वेळी किती जोरात ओढू शकते ते. बॅटरीत साठलेली वीज मोजतात युनिटमध्ये, म्हणजे किलोवॉट-अवरमध्ये. विहिरीवर दहाची मोटार बसवली म्हणून विहिरीतलं पाणी वाढत नाही, आणि मोटार हळू चालवली तर पाणी लगेच संपतही नाही. ही गाडी सपाट रस्त्यावर ऐंशीच्या वेगानं जाताना बारा-पंधरा किलोवॉटच वापरते. २१० किलोवॉट लागतात ते तुम्ही सिग्नलला शेजारच्याला दाखवायला पाय दाबता तेव्हा, आणि तेही काही सेकंद.

मग रेंज कशानं मरते? वाऱ्यानं. वेग वाढला की हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. ऐंशीवरून एकशेवीसवर गेलात तर वेग दीडपट झाला, पण हवा सव्वादोनपट जोरानं मागं ढकलते. बीई ६ च्या मोठ्या बॅटरीत ७९ युनिट बसतात. शंभर किलोमीटरला सोळा युनिट लागले तर पावणेपाचशे-पाचशे किलोमीटर होतात. समृद्धीवर एकशेवीसला चिकटवून पळवली आणि शंभराला वीस-एकवीस युनिट जायला लागले की तीच गाडी पावणेचारशे-चारशेवर आली. चाचणीच्या नियमांनी मोजलेला कंपनीचा आकडा आहे ६८० च्या आसपास. तो खोटा नाही, पण तो तुमच्या पायाचा नाही.

परफॉर्मन्स गाडी घेणारा माणूस ती हळू चालवायला घेत नाही, ही खरी गोम आहे. वर मराठवाड्याचा मे महिना. एसी फुल. बॅटरी थंड ठेवायलाही वीज जाते. रुंद टायर लावले तर त्यांचं घर्षण वेगळं. त्यामुळं पुण्याला, म्हणजे साडेचारशे किलोमीटरच्या आसपास जायचं असेल, तर वाटेत एकदा थांबायचंच असं धरून निघावं. चहा तर आपण तसाही पितोच.

आणि चार्जिंग. यात लोक हायवेवरच्या चार्जरचीच चर्चा करतात. माझ्या मते गावातल्या माणसासाठी घरचा पॉइंट त्याहून महत्त्वाचा आहे. पंधरा अँपियरच्या साध्या सॉकेटवर तीन-साडेतीन किलोवॉट मिळतात, म्हणजे रिकामी गाडी भरायला दिवस-रात्र. सात किलोवॉटचा भिंतीवरचा चार्जर लावला तर रात्री जेवून लावलेली गाडी सकाळी तयार. पण त्यासाठी घराचा मंजूर भार तपासावा लागतो. दोन-तीन किलोवॉटच्या मीटरवर हा चार्जर लावला तर कटआउट उडणारच. भार वाढवून घ्यावा, गरज पडली तर थ्री-फेज घ्यावी, अर्थिंग नीट करावं, वेगळी वायर ओढावी. शेतीपंपाच्या जोडणीवर गाडी लावायचा मोह मात्र टाळा. ते दर पंपासाठी आहेत, नियमात बसत नाही, आणि शेतीच्या फिडरला वीज किती तास अन् रात्री कितीला येते ते तुम्हाला सांगायला नको.

बाहेरच्या फास्ट चार्जरचंही एक गणित आहे. कंपनी सांगते की २० ते ८० टक्के वीस मिनिटांत. बरोबर आहे, पण १७५ किलोवॉटचा चार्जर असेल तर. तेवढी वीज म्हणजे सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस युनिट. साठ किलोवॉटच्या गनवर त्याला पाऊण तासाच्या वर लागतो, तीसच्या गनवर दीड तासाच्या वर. गाडी कितीही तगडी घ्या, चार्जर जेवढा देईल तेवढंच ती घेणार. आणि ऐंशीच्या पुढं बॅटरी स्वतःच वेग कमी करते, म्हणून हायवेवर शंभर टक्क्यांसाठी ताटकळत बसण्यात अर्थ नसतो. तालुक्याच्या गावात एकच गन असेल तर ती चालू आहे का, हे निघायच्या आधी ॲपवर बघा आणि पुढच्या चार्जरपर्यंत पोहोचेल एवढा साठा कायम ठेवा.

आता परत व्हिएन्नाला.

पोर्शेकडं यातलं काहीच नव्हतं. लिथियम नव्हतं, फास्ट चार्जर नव्हते, ॲप तर सोडाच. बॅटरी वाढवून उपयोग नाही हे त्याला कळलं होतं. गावोगावी वीज पोहोचवणं त्याच्या हातात नव्हतं. मग त्यानं प्रश्नच उलटा केला. गाडी चार्जरपर्यंत जाऊ शकत नसेल तर चार्जरच गाडीत बसवला तर?

१९०० मध्येच त्यानं बॅटरी कमी केली आणि गाडीत दोन लहान पेट्रोल इंजिनं बसवली. ही इंजिनं चाकांना जोडलेली नव्हती. ती फक्त जनरेटर फिरवायची. जनरेटरची वीज चाकातल्या मोटारींना जायची आणि उरलेली बॅटरीत. एवढंच नाही, तर इंजिन सुरू करायला हँडल मारायची गरज नव्हती. बॅटरीतून वीज दिली की तोच जनरेटर मोटारीसारखा फिरून इंजिन चालू करायचा. त्यानं या गाडीचं नाव ठेवलं सेंपर विवुस, म्हणजे सदा जिवंत. अंतर गेलं २०० किलोमीटरपर्यंत.

ही पेट्रोल-इलेक्ट्रिक हायब्रीड गाडी. टोयोटाची प्रियस यायला अजून सत्त्याण्णव वर्षं होती.

पुढच्या वर्षी त्यानं तिची सुधारलेली आवृत्ती काढली. मिक्स्टे. यात पुढं एकच मोठं डायम्लरचं इंजिन होतं. १९०२ मध्ये तो स्वतः ती चालवत स्पर्धा जिंकला. त्याच वर्षी लष्करी सरावात राखीव सैनिक म्हणून त्यानं आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांडला याच गाडीतून फिरवलं. तोच राजपुत्र, जो १९१४ मध्ये सारायेवोत मोटारीत बसलेला असताना मारला गेला आणि पहिलं महायुद्ध पेटलं.

लोनर-पोर्शेच्या तीनेकशे गाड्या विकल्या गेल्या. व्हिएन्नाच्या अग्निशमन दलानंही हे तंत्र वापरलं, आणि ते बरोबरच होतं. बंब एका शहरात फिरतो, ठाण्यावर परत येतो, रात्री चार्जिंगला लागतो. सामान्य गिऱ्हाइकासाठी मात्र या गाड्या महाग होत्या. चाकातच मोटार असल्यानं एकेक पुढचं चाक शंभर किलोच्या वर जायचं, खड्ड्यात आदळलं की सगळा मार त्यावर. लोनरला प्रयोगांचा खर्च परवडेना.

१९०६ मध्ये पोर्शे ऑस्ट्रो-डायम्लरमध्ये गेला आणि मुख्यतः पेट्रोलच्या गाड्या बनवू लागला. जगही तिकडंच निघालं होतं. १९०८ मध्ये फोर्डची स्वस्त मॉडेल टी आली. १९१२ मध्ये कॅडिलॅकनं बटणावर सुरू होणारं इंजिन आणलं, मनगट मोडायची भीती गेली. गंमत अशी की पेट्रोल गाडीचा सगळ्यात मोठा दोष घालवला तो एका लहान इलेक्ट्रिक मोटारीनं. पेट्रोलचा डबा कुठल्याही गावात नेऊन ठेवता यायचा, वीज नेता यायची नाही. बॅटरीची गाडी हरली ती वेगात नाही, शहराबाहेर हरली.

पोर्शेच्या डोक्यातून मात्र जनरेटर आणि चाकातली मोटार गेली नाही. पहिल्या महायुद्धात त्यानं ऑस्ट्रियाच्या सैन्यासाठी रस्त्यावर चालणारी रेल्वेच बनवली. पुढच्या ट्रकमध्ये पेट्रोल इंजिन आणि जनरेटर, आणि मागच्या डब्यांच्या चाकांना विजेच्या मोटारी. प्रचंड तोफा त्यावरून डोंगरात नेल्या गेल्या.

पुढची काही वर्षं भराभर सांगतो. १९२३ मध्ये तो श्टुटगार्टला डायम्लरमध्ये गेला. तिथं मर्सिडीजच्या सुपरचार्जर लावलेल्या दणकट स्पोर्ट्स कार त्यानं केल्या. वरिष्ठांशी पटलं नाही, बाहेर पडला. १९३१ मध्ये श्टुटगार्टमध्येच स्वतःचं डिझाइन ऑफिस काढलं. भागीदार होते जावई अँटोन पिएख आणि अडोल्फ रोझेनबर्गर. रोझेनबर्गर रेसिंग ड्रायव्हर होता, पैसे त्यानं आणले, आणि तो ज्यू होता. नाझी सत्तेवर आल्यावर १९३५ मध्ये त्याचा हिस्सा अगदी किरकोळ रकमेत काढून घेतला गेला.

इथून पोर्शेच्या आयुष्याचा तो भाग सुरू होतो जो गाड्यांची पोस्टर लावणारे सहसा वाचत नाहीत.

१९३४ मध्ये हिटलरच्या सरकारनं त्याला सामान्य माणसाच्या गाडीचं काम दिलं. त्यातून फोक्सवॅगन बीटल आली. १९३७ मध्ये तो नाझी पक्षाचा सभासद झाला, पुढं एसएसमध्ये मानाचा हुद्दाही घेतला. युद्ध सुरू झाल्यावर ज्या कारखान्यात लोकांच्या गाड्या बनणार होत्या तिथं लष्करी वाहनं बनू लागली. राबायला होते पकडून आणलेले परदेशी मजूर, युद्धकैदी आणि छळछावण्यांतले कैदी. पोर्शेला फक्त यंत्रात रस होता, राजकारणात नव्हता, असं त्याच्याबद्दल नेहमी सांगितलं जातं. मला ते पटत नाही. कारखान्यात कोण राबतंय हे दिसायला राजकारण कळावं लागत नाही.

आणि त्याच युद्धात त्याची जुनी कल्पना रणगाडा होऊन परत आली. टायगर रणगाड्यासाठी त्यानं दिलेल्या नमुन्यात पेट्रोल इंजिनं जनरेटर फिरवायची आणि विजेच्या मोटारी पट्टे ओढायच्या. सेंपर विवुसच, फक्त पन्नास-साठ टनांचा. त्याला तांबं प्रचंड लागायचं आणि बिघाड सतत व्हायचे. १९४२ मध्ये हेन्शेल कंपनीचा साधा नमुना निवडला गेला. पोर्शेनं मात्र आधीच सांगाडे बनवून घेतले होते. त्या सुमारे नव्वद सांगाड्यांवर मोठी तोफ बसवून रणगाडाविरोधी वाहन केलं गेलं आणि त्याला नाव दिलं फर्डिनांड. १९४३ च्या जुलैत कुर्स्कच्या लढाईत ते उतरलं. तोफ जबरदस्त, पण बिघडलं की ओढून आणायलाही काही सापडायचं नाही इतकं जड. हार्टच्या गाडीत वजनानं शिकवलेला धडा त्रेचाळीस वर्षांनी पुन्हा समोर उभा राहिला.

युद्ध संपल्यावर डिसेंबर १९४५ मध्ये फ्रेंचांनी त्याला अटक केली. सत्तरी गाठलेला पोर्शे वीस महिने कैदेत होता, बराच काळ दिजाँच्या तुरुंगात. ऑगस्ट १९४७ मध्ये पैसे भरल्यावर त्याची सुटका झाली. तोवर ऑस्ट्रियातल्या ग्म्युंड गावात मुलगा फेरीनं कंपनी सावरली होती आणि तो स्वतःची स्पोर्ट्स कार आखत होता. १९४८ मध्ये पोर्शे ३५६ आली. पोर्शे हे नाव लावून विकली गेलेली ही पहिली गाडी, आणि ती अर्थातच पेट्रोलची.

१९५० च्या नोव्हेंबरमध्ये म्हातारा फर्डिनांड वोल्फ्सबर्गच्या कारखान्यात गेला. बीटल गाड्यांची रांग बाहेर पडताना त्यानं पाहिली. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याला पक्षाघाताचा झटका आला. ३० जानेवारी १९५१ ला श्टुटगार्टमध्ये तो गेला. वय पंचाहत्तर.

चाकातल्या मोटारीची कल्पना त्याच्यानंतर वीस वर्षांनी चंद्रावर पोहोचली. १९७१ मध्ये अपोलो १५ च्या अंतराळवीरांनी जी गाडी चंद्रावर चालवली तिच्या चारही चाकांना वेगवेगळी मोटार होती. बॅटऱ्या मात्र एकदाच वापरायच्या होत्या. चार्जिंगचा प्रश्नच मिटवून टाकला होता.

त्याच्या नावाच्या कंपनीनं पूर्ण इलेक्ट्रिक गाडी विकायला २०१९ साल उजाडलं. टायकान. तिच्या मोठ्या बॅटरीचं वजन साधारण ६३० किलो आणि अंतर चारशे किलोमीटरच्या पुढं. म्हणजे किलोमीटरला दीड किलो. १९०० मध्ये हा हिशोब आठ किलोंचा होता. पण कंपनीनं या गाडीत सगळ्यात जास्त जोर लावला तो बॅटरी मोठी करण्यावर नाही, लवकर भरण्यावर. इतर गाड्यांत चारशे व्होल्टची व्यवस्था असताना तिच्यात आठशे व्होल्टची बसवली. व्होल्टेज दुप्पट केलं की तेवढीच वीज निम्म्या करंटमध्ये जाते, वायर कमी तापतात आणि चार्जर जोरात चालू शकतो. २७० किलोवॉटचा चार्जर मिळाला तर ५ वरून ८० टक्के साडेबावीस मिनिटांत.

बाकी, २०११ मध्ये पोर्शे कंपनीनं जुने फोटो आणि आराखडे बघून सेंपर विवुसची हुबेहूब प्रत बनवून घेतली आणि जिनिव्हाच्या मोटार शोमध्ये ठेवली. ती शोभेची नाही. इंजिनं सुरू होतात, जनरेटर फिरतो आणि गाडी ताशी पस्तीसच्या वेगानं खरोखर चालते.